हळद संपली

“हळद संपली,” माई म्हणाल्या आणि रिकामी वाटी त्यांनी आमच्यापुढे तिरपी करून दाखवली.

टेबलावर दोन पाकिटं होती. एक माझे साडू प्रतापराव यांचं, एक आमचं. दोन्हींत अमेरिकन डॉलर. चार दिवसांनी आम्ही दोन जोडपी बाली बेटावर निघणार होतो आणि प्रतापरावांच्या घरातून कुठलीही नवी वस्तू हळदकुंकवाशिवाय बाहेर पडत नसे. स्कूटर, फ्रीज, चेकबुक, एकदा तर रक्तदाब मोजायचं यंत्रसुद्धा. हा मान ते सासूबाईंना देत. “विधवा-बिधवा आम्ही मानत नाही. आमच्यात सगळं माईंच्या हातनं,” हे त्यांनी सांगलीच्या मार्केट यार्डात इतक्या जणांना सांगितलं होतं, की तिथले हमालही त्यांना सुधारक समजत.

प्रतापरावांच्या पाकिटातली एकेक नोट माईंनी बाहेर काढली होती, एकेक नोटेवर ओल्या हळदीचं बोट टेकवलं होतं, उलटून पाठीवरही टेकवलं होतं.

“प्रत्येक नोटेला!” प्रतापराव कौतुकानं म्हणाले होते. “बघा प्रोफेसर. आमच्या माईंचा हात कसा सढळ हाय ते.”

मग आमचं पाकीट पुढे आलं आणि हळद संपली.

“असू द्या, असू द्या,” प्रतापराव म्हणाले. “प्रोफेसर लोकांचा असल्यावर विश्वास नसतोय. कुंकू लावा पाकिटाला बाहेरनं, झालं.”

माईंनी आमच्या पाकिटाला बाहेरून कुंकवाचा ठिपका लावला, पदरात खोकल्या आणि आपल्या खोलीत निघून गेल्या. माझी बायको रोहिणी ही माईंची धाकटी मुलगी. ती त्या पाकिटाकडे बघत राहिली. पंगतीत आपल्यापाशी आल्यावरच वाढप्याचं भांडं रिकामं व्हावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी त्या वेळी कऱ्हाडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे. परकीय चलनाचा विनिमय दर हे माझं आवडतं प्रकरण, आणि प्रतापरावांच्या मते म्हणूनच मला त्यातलं काही कळत नव्हतं. ते हळदीचे अडते. त्यांना भावातलं कळे.

सहल ठरल्यापासून महिनाभर त्यांनी डॉलरचा भाव काढला. मुंबई, पुणे, कोल्हापूर. जेवणाच्या टेबलाशी बसून, फोनचा स्पीकर चालू ठेवून, पाच-पाच पैशांसाठी. मी एकदा सुचवलं की बँकेचं ट्रॅव्हल कार्ड घेऊ, झंझट नको.

“कार्ड?” ते म्हणाले. “कार्ड घासलं की तीन-साडेतीन टक्के बँकेच्या बापाचे. मी माझी सगळी कार्डं तिजोरीत ठेवून निघणार. बायकोच्या पर्समध्ये असली की ती घासली जातात.”

त्यांची बायको शालन, म्हणजे रोहिणीची आक्का, समोरच भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

शेवटी पुण्यातला एक दुकानदार त्यांना हवा तो भाव द्यायला तयार झाला. त्याला त्यांनी फोनवर बजावलं, “कोऱ्या करकरीत नोटा पाहिजेत हां. शिक्का नको, पेनाची रेघ नको, डाग नको. तिकडं डाग दिसला की नोट गेली, मला सगळं म्हाईत हाय.” माई कोपऱ्यात बसून वाती वळत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, हे त्या घरात धरून चाललेलं होतं, त्यामुळे त्यांच्यासमोर काहीही बोललं जाई.

मग प्रतापराव स्वतः गाडी घेऊन पुण्याला गेले आणि दोन्ही घरांचे डॉलर घेऊन आले. मी डिझेल आणि टोल धरून दर पुन्हा काढला. तो बँकेच्या दराच्या वर जात होता. मी तसं बोललो.

“डिझेल काय रेटमध्ये धरतात व्हय प्रोफेसर? डिझेल वेगळं.”

वाटणी त्यांनीच केली. कोऱ्या नोटा त्यांच्या पाकिटात गेल्या. दुकानदारानं काही जुन्या, हाताळून मऊ झालेल्याही दिल्या होत्या, त्या आमच्या. “तुम्हाला काय, चालतील की. नोट ती नोट.” मी काही बोललो नाही. साडूंशी न बोलणं ही एक कला आहे, आणि त्या कलेत मी बराच पुढे गेलो होतो.

परत कऱ्हाडला येताना पेठ नाक्यापर्यंत रोहिणी ते पाकीट मांडीवर धरून बसली होती.

“माझ्या वेळी हळद संपली,” मग ती म्हणाली.

“वाटी लहान होती.”

“तिचा खोकला ऐकलात?”

ऐकला होता. रोहिणीचे बाबा गेल्यापासून माई प्रतापरावांकडे राहत. घर मोठं होतं, पण माईंची खोली जिन्याशेजारची, आणि जिन्याखाली प्रतापराव नमुन्याच्या हळदीच्या पिशव्या ठेवत. त्या उघडल्या, बांधल्या, झटकल्या जात. खोलीतली पांढरी चादर आठवड्यात पिवळी होई. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही धूळ आहे, म्हातारीला इथून हलवा. प्रतापरावांनी डॉक्टर बदलला. “हळदीनं खोकला होतो? हळद हे खोकल्यावरचं औषध हाय!” रोहिणीनं माईंना कऱ्हाडला पाठवा म्हणून किती वेळा म्हटलं, त्याची गणती नव्हती. दर वेळी उत्तर एकच. “लोक काय म्हणतील? प्रतापरावला सासू जड झाली?” कारण सासूला आईसारखी सांभाळणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. दुकानावर पाहुणे आले की ते त्यांना घरी चहाला आणत आणि माईंना बाहेर बोलावून दाखवत.

“म्हणून तर मी ह्या सहलीला हो म्हणाले,” रोहिणी म्हणाली. “तिकडं दाजींचं मार्केट नसणार, यार्डातली माणसं नसणार. सासूला सांभाळतो म्हणून तिथं कुणाला सांगतील? तिथं मागणार मी माईला.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर मग आपण बाली बघून येऊ,” ती म्हणाली, पण अशा आवाजात की बाली हे एखाद्या दवाखान्याचं नाव असावं.

बालीत हॉटेल आणि सकाळचा नाश्ता यांचे पैसे आधीच भरलेले होते. बाकी सगळं रोखीनं. पहिल्याच सकाळी आम्ही चौघं चौकातल्या पैसे बदलायच्या दुकानात गेलो. काउंटरवर केळीच्या पानाच्या छोट्या द्रोणात फुलं, भाताची चार शितं आणि जळती उदबत्ती. मागे केसांत चाफा खोवलेली मुलगी. प्रतापरावांनी दरवाजावरच्या फलकातला भाव वाचला, गणकयंत्रावर तपासला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “शिका काहीतरी.”

मुलीनं त्यांची पहिली नोट उजेडाला धरली. मग दुसरी. मग तिनं आख्खी गड्डी पत्त्यांसारखी पसरली, आणि दोन बोटांनी परत सरकवली.

“सॉरी सर. डर्टी.”

“डर्टी?” प्रतापराव म्हणाले. “धिस इज नॉट डर्टी. धिस इज टर्मरिक. होली टर्मरिक. सांगली क्वालिटी.”

“कलर, सर. कॅनॉट.”

“कलर? कलर इज पर्मनंट!” गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जिभेला बसलेलं ते वाक्य बाहेर पडलं. “यू वॉश, नो गो! टेन इयर्स, नो गो!”

“येस सर,” मुलगी म्हणाली. “दॅट इज प्रॉब्लेम.”

प्रतापरावांनी काउंटरवरच्या फुलांकडे बोट दाखवलं. “यू! यू ऑल्सो पूजा! लुक! फ्लॉवर, राइस, अगरबत्ती!”

“येस सर. एव्हरी मॉर्निंग.” ती हसली. “नॉट ऑन डॉलर.”

मग तिनं माझं पाकीट घेतलं. बाहेरचा कुंकवाचा ठिपका पाहून तिनं आतल्या नोटा जरा जास्तच निरखल्या. मऊ होत्या, जुन्या होत्या, घड्या पडलेल्या होत्या, पण स्वच्छ. भावात थोडी काट मारून तिनं त्या घेतल्या आणि रुपयांच्या, म्हणजे तिथल्या रुपयांच्या, गड्ड्या माझ्यापुढे रचल्या. तिथे इतकी शून्यं असतात की मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा कोट्यधीश झालो. ते सगळं मी रोहिणीला दिलं. तिनं ते पर्समध्ये घातलं आणि चेन ओढली. त्या शांत दुकानात चेनचा आवाज चांगला मोठा आला.

प्रतापरावांनी त्या दिवशी गावातलं एकही दुकान सोडलं नाही. सगळीकडे तेच. एका बोळातल्या माणसानं तेवढी तयारी दाखवली. निम्मा भाव. प्रतापराव त्याच्यावर मराठीत ओरडले.

“घ्या की हो निम्म्यानं,” आक्का म्हणाली. “चार दिवसांचा प्रश्न आहे.”

“निम्म्यानं? महिनाभर पाच पैशांसाठी घसा फोडला तो निम्म्यानं द्यायला?”

“मग बेंगळूरला पोराला फोन करा. तो पाठवील कसेही.”

“बाप पोराकडं मागत नाही.”

दुपारी हॉटेलच्या बाथरूममधून आक्काची किंकाळी ऐकू आली. “अहो, साबण नको! हळदीला साबण नको!” पण तोवर उशीर झाला होता. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हे घरातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. जन्मभर हळद विकलेल्या माणसाला नव्हतं, कारण त्यांनी ती कधी धुतली नव्हती. नोटांवरचे अमेरिकेचे ते थोर पुरुष आता विड्याचं पान खाऊन सदऱ्यावर सांडल्यासारखे दिसत होते.

संध्याकाळी आम्ही हॉटेलच्या अंगणात जेवायला बसलो. रोहिणीनं भात आणि भाज्या मागवल्या. आम्हा दोघांपुरत्या.

“तुम्ही काही घेत नाही, दाजी?” तिनं विचारलं.

“उपास हाय आज.”

“कसला?”

“मंगळवारचा.”

“आज बुधवार आहे,” आक्का म्हणाली आणि रोहिणीच्या ताटातलं केळ्याचं भजं उचलून खाल्लं.

प्रतापराव माझ्याकडे सरकले. “प्रोफेसर, जरा फिरवाफिरवी करू. निम्मे इकडं द्या. सांगलीत गेल्या गेल्या देतो की.”

“पैसे रोहिणीकडे आहेत.”

हे त्यांना अवघड गेलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण ‘चहा ठेव’ आणि ‘आक्काला बोलव’ यापलीकडे ते रोहिणीशी कधी थेट बोलले नव्हते. त्यांनी घसा साफ केला.

“रोहिणी, जरा निम्मे दे इकडं.”

“रेट काय?”

“आँ?”

“रेट काय लावता, दाजी? मी तुम्हाला रुपये देणार इथले. बदल्यात काय?”

“बँकेचा रेट. चोख.”

“बँक चौकात आहे. तिथं जा.”

“बरं, वर एक टक्का.”

“नको.”

“पाच! घरातल्या माणसाकडनं पाच टक्के? लाज कशी वाटत नाही गं?”

“मी कुठे मागितले?” रोहिणी म्हणाली. तिनं मांडीवरचा रुमाल उचलला, झटकला आणि टेबलावर आपल्या उजव्या हातावर पसरला. “पैशात नको मला. तुमच्याच पद्धतीनं बोलू.”

प्रतापराव त्या रुमालाकडे बघत राहिले. जुन्या काळी यार्डात भाव तोंडानं बोलत नसत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा, भोवतीच्या कुणाला आकडा कळता कामा नये. ती पद्धत केव्हाच बंद झाली, पण तिचा एक नियम यार्डातली जुनी माणसं अजून पाळत. रुमालाखाली झालेला सौदा मोडायचा नाही. ज्यानं मोडला त्याच्याशी पुन्हा कुणी हात मिळवत नसे. रोहिणीचे वडील गुळाचे अडते होते. ही पोर त्यांच्या मांडीवर बसून तो रुमाल बघत मोठी झाली होती.

“माल कुठला?” प्रतापरावांनी सवयीनं विचारलं.

“माई.”

“रोहिणी!” आक्का म्हणाली. “अगं आई आहे ती आपली! माल काय म्हणतेस?”

“मी नाही केला तिला माल. नमुना म्हणून पाहुण्यांना कोण दाखवतं? हळदीच्या पिशव्यांशेजारी कोणी ठेवलंय तिला? तुला खोकला ऐकू येत नाही की येतो आणि भाजी निवडत बसतेस?”

आक्कानं उचललेलं दुसरं भजं परत ताटात ठेवलं.

“तोंड सांभाळ हां,” प्रतापराव म्हणाले. “आईसारखी सांभाळलीय मी.”

“मग आईला दोन दिवस बाहेर सोडायला काय हरकत आहे? घाला हात. नाहीतर उद्या गुरुवारचापण मंगळवार करा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भातात लक्ष घातलं. मग त्यांचा हात रुमालाखाली गेला.

मला फक्त कापड हलताना दिसलं. आधी जरासं, एकदाच. रोहिणीनं मान हलवली. पुन्हा हललं, आता जास्त. तिनं पुन्हा मान हलवली. प्रतापरावांच्या कपाळावर घाम आला. मागे कुणीतरी बांबूचं वाद्य वाजवत होतं, अगदी मंजुळ, आणि त्याचा आमच्या टेबलाशी काही संबंध नव्हता. मग रुमालाचा एकदम गोळा झाला आणि तो हलायचा थांबला. प्रतापराव हात ओढायला बघत होते. हात निघत नव्हता.

“बाबांच्या वेळचे दोघं-तिघं अजून यार्डात बसतात, दाजी,” रोहिणी शांतपणे म्हणाली. “मी त्यांना काका म्हणते. सौदा अर्धा सोडून हात काढला तर काय म्हणतात, ते विचारू का त्यांना?”

प्रतापरावांनी हात ओढायचं सोडलं.

“दिली,” प्रतापराव म्हणाले.

रोहिणीनं रुमाल उचलला, घडी घातली, पर्सची चेन उघडली आणि निम्म्या गड्ड्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या मोजल्या नाहीत. आक्कानं मोजल्या आणि लगेच मासा मागवला.

खोलीवर गेल्यावर मी रोहिणीला विचारलं, “काय ठरलं?”

“आधी एक बोट दिलं. एक महिना. मग दोन.”

“आणि तू?”

“मी पंजा आवळून धरला. बाबा गुळाच्या सौद्यात शेवटी असंच करायचे. पंजा म्हणजे आख्खी गाडी. परत काही जात नाही.”

उरलेली सहल आम्ही केली. देवळं पाहिली, भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेतं पाहिली. चौघांचा मिळून एकच फोटो आहे आणि त्यात प्रत्येक जण वेगळ्या दिशेला बघतो आहे. विमानतळावर प्रतापराव मला म्हणाले, “तुमच्या बायकोनं माझ्या मानेवर पाय ठेवला.” मी म्हणालो, “डिझेल वेगळं.” त्यानंतर आम्ही आजतागायत एकमेकांशी बोललेलो नाही. कलेत पूर्णत्व ज्याला म्हणतात, ते हेच असावं.

माईंना ते स्वतः कऱ्हाडला सोडायला आले नाहीत. पण सौदा मोडला नाही. दसऱ्याच्या आधी दुकानाची गाडी दाराशी उभी राहिली. माई उतरल्या, त्यांची ट्रंक उतरली, आणि पाठोपाठ हळदीची एक भली मोठी पिशवी. तिला चिठ्ठी टाचलेली होती, “खोकल्यासाठी.” इकडे यार्डात त्यांनी सांगितलं की धाकट्या मेव्हणीनं हट्ट धरला, रडली, म्हणून मोठ्या मनानं पाठवली. त्या नोटांचं काय झालं, ते आक्कानं नंतर रोहिणीला सांगितलं. कमी भावात द्यायच्या नाहीत म्हणून त्या अजून तिजोरीत आहेत. दर लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतात आणि त्यांना हळदकुंकू लागतं.

हळूहळू माईंचा खोकला थांबला. चादर पांढरी राहू लागली.

एका दुपारी त्या दारातल्या उन्हात बसून शेंगा फोडत होत्या. रोहिणीला ते इतके दिवस आतून खुपत असावं, कारण ती अचानक म्हणाली, “माई, एक विचारू? त्या दिवशी पाकिटांना हळद लावताना... आक्काच्या प्रत्येक नोटेला लावलीस. दोन्ही बाजूंनी. माझ्या वेळीच संपली म्हणालीस.”

माईंनी शेंगेतला दाणा नीट पारखला, कुजका होता, तो बाजूला टाकला.

“हळदीच्या अडत्याच्या घरात हळद संपते होय गं?”

रोहिणीच्या हातातलं सूप खाली आलं.

“महिनाभर फोनवर केकाटत होता मेला. डाग दिसला की नोट गेली, डाग दिसला की नोट गेली. मी कमी ऐकते, पण इतकं कमी नाही.” त्यांनी पुढची शेंग घेतली. “त्याला वाटतं हळद म्हणजे डाग नव्हे. धुणं काय त्यानं धुतलंय कधी?”

“म्हणजे तुला माहीत होतं? मी तिकडं दाजींकडं तुला मागणार, ते कात्रीत सापडणार, मग...”

“छे गं,” माई म्हणाल्या. “तसलं काही नाही. तो तिकडं जाऊन मजेत हिंडून येऊ नये, एवढंच.”

आणि शेंगांचं सूप त्यांनी आपल्याकडे ओढून घेतलं.